घरातल्या कॅसेटी भंगारात देण्यापूर्वी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीच्या दिवसांत आमच्या गल्लीत भंगाराची हातगाडी आली होती. गाडीवर फुटक्या बादल्या, जुना कुकर, रद्दीचे गठ्ठे आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एका पिशवीत पंचवीस-तीस कॅसेटी होत्या. सहज एक उचलून पाहिली, तर तिच्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात ‘आईच्या ओव्या, बाजू अ’ असे लिहिलेले होते. पिशवी शेजारच्याच घरातून आलेली होती. मी ती गाडीवाल्याकडून पन्नास रुपयांना सोडवून घेतली आणि शेजाऱ्यांना परत नेऊन दिली. त्यांनाही वाईट वाटले. ते म्हणाले, “टेप बिघडून दहा वर्षं झाली, सर. वाजवायच्या कशावर, म्हणून देऊन टाकल्या.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अशी शेकडो घरे आपल्या सोलापुरात असतील, म्हणून आपल्या दैनिकाच्या वाचकांसमोर हा विषय सविस्तर मांडण्याची परवानगी घेत आहे.

माझ्या घरी २००१ सालापासून एक सीडी रेकॉर्डर आहे. माझा धाकटा भाऊ तेव्हा आखातात नोकरीला होता, त्याने तो सुटीवर येताना आणला. हे संगणकाला जोडायचे यंत्र नव्हे. टेपरेकॉर्डरच्या डेकसारखेच ते कपाटावर ठेवायचे, मागे लाल-पांढऱ्या पिनांची वायर जोडायची, कोरी डिस्क घालायची आणि समोरचे बटण दाबून आवाज भरून घ्यायचा. फिलिप्स कंपनीने १९९७ मध्ये सीडीआर ८७० हे यंत्र घरगुती वापरासाठी बाजारात आणले आणि त्या सुमारास पायोनियर, मरांट्झ अशा इतर कंपन्यांचीही यंत्रे आली. मात्र आपल्याकडे ती फारशी रुजली नाहीत. ज्यांना गाणी हवी होती त्यांनी थेट संगणक घेतला, आणि मधल्या काळातले हे यंत्र बहुतेकांनी पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे मात्र ते आले, टिकले, आणि निवृत्तीनंतरच्या माझ्या दुपारी त्याच्यासमोर बसून गेल्या.

सुरुवात आमच्या अण्णांच्या कॅसेटीपासून झाली. अण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि त्यांचे भजनी मंडळ होते. कार्तिक महिन्यात पहाटे काकड्याला हे मंडळ आमच्या घरासमोरच्या मारुतीच्या देवळात बसत असे. १९८४ च्या कार्तिकात मी नवा टेपरेकॉर्डर घेऊन तिथे एका कोपऱ्यात बसलो आणि सी-६० या तासाभराच्या कॅसेटीच्या दोन्ही बाजू भरून घेतल्या. सतरा वर्षांनी ती कॅसेट सीडीवर उतरवताना मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. अभंग संपत आला, टाळ हळू झाले, आणि मागे लांबून गिरणीचा भोंगा वाजला. भोंगा ऐकताच अण्णांनी चाल वाढवली, कारण पाळीला जायचे होते. कॅसेट भरताना मला भोंगा ऐकू आल्याचे आठवतसुद्धा नाही. तेव्हा तो रोजचाच होता. आता ती गिरणी नाही, भोंगा नाही, अण्णाही नाहीत. एका शहराचे घड्याळ त्या कॅसेटीत नकळत भरले गेले होते, आणि ते दुसरीकडे कुठे मिळेल असे मला वाटत नाही.

चित्रपटाच्या गाण्यांच्या कॅसेटी गेल्या तर फार बिघडत नाही. ती गाणी कंपन्यांनी जपली आहेत आणि आज ती मोबाइलवर ऐकता येतात. परंतु ज्या कॅसेटीवर छापील कागद नाही, नुसते पेनने लिहिलेले आहे, किंवा काहीच लिहिलेले नाही, ती जगात एकच असते. आपल्या शहरात तर अशा कॅसेटींची विशेष संपत्ती असायला हवी. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारी घरे आहेत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हाचे संमतीवाचन, नंदीध्वजांपुढचे वाद्यांचे आवाज, ‘बोला, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा घोष, हे सगळे ऐंशीच्या दशकात कितीतरी हौशी लोकांनी हातातल्या टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेले मी पाहिले आहे. पद्मशाली घरांतली लग्नातली गाणी, माग चालवताना म्हटलेली गाणी, आजीबाईंच्या ओव्या, या सगळ्यांची नोंद कोणत्याही कार्यालयात झालेली नाही. झाली असेल तर ती कुणाच्या तरी माळ्यावरच्या चपलांच्या खोक्यात.

आमच्या जुन्या वाड्यात एक वृद्ध भाडेकरू राहत असत. १२ मे १९३० रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. त्या दिवसांत डोक्यावर गांधीटोपी घालायची लोकांना कशी धास्ती वाटे, घरात गुंडाळून ठेवलेले निशाण त्यांच्या आईने पिठाच्या डब्यात कसे लपवले, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिल्यावर गल्लीत चूल कशी पेटली नाही, हे त्यांनी मला १९८६ मध्ये सांगितले आणि मी ते भरून घेतले. चार हुतात्म्यांचा इतिहास पुस्तकांत आहे. पण पिठाच्या डब्याविषयी सांगताना त्या म्हाताऱ्या माणसाचा जो आवाज चिरकतो, तो पुस्तकात उतरत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे होते ते सांगतो, कारण ‘कॅसेट सीडीवर करून देतो’ अशी पाटी लावलेल्या एका दुकानात दिलेल्या माझ्या दोन कॅसेटी इतक्या वाईट उतरून आल्या की त्या मला पुन्हा घरी कराव्या लागल्या. पहिली गोष्ट कॅसेटीची. जी वर्षानुवर्षे वाजलेली नाही ती थेट डेकमध्ये घालू नये. आधी पेन्सिलीने चक्री थोडी फिरवून पाहावी. फीत चिकटलेली नाही याची खात्री झाली की एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे ती मोकळी होते. फितीच्या मागे पितळी पट्टीवर लोकरीचा एक इवलासा तुकडा चिकटवलेला असतो, जो फितीला हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा डिंक वाळून तो गळून पडतो आणि आवाज दबलेला, मंद येतो. लोकांना वाटते कॅसेट संपली. वास्तविक दुसऱ्या निकामी कॅसेटीतली पट्टी काढून बसवली की आवाज परत येतो. माझ्या आत्याच्या ओव्यांच्या कॅसेटीचे असेच झाले होते. ज्या कॅसेटीला स्क्रू नसतात, चिकटवून बंद केलेल्या असतात, त्यांची फीत काढून स्क्रूच्या रिकाम्या कवचात बसवावी लागते. हे काम शांतपणे, पंखा बंद करून करायचे असते.

डेकचे हेड स्पिरिटने पुसून घ्यावे हे सर्वांना माहीत असते. पण हेडचा कल फितीशी जुळवायचा असतो हे फार थोड्यांना माहीत असते. ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर दुसऱ्या डेकवर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर इकडे-तिकडे फिरवत कानाने ऐकत राहिले की एका क्षणी टाळांचा आवाज एकदम उजळतो. तो क्षण सापडला की मगच रेकॉर्डिंग सुरू करावे. दुकानातल्या गर्दीत हे कोणी करत नाही, आणि करायला वेळ नसतो हेही मला समजते.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. कॅसेटीची सवय असलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होते, माझीही झाली. कॅसेटवर काटा थोडा लाल पट्ट्यात गेला तरी फीत ते सांभाळून घेते. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. सर्वांत वरच्या पायरीच्या पलीकडे काहीच नसते, त्यामुळे तिथे पोहोचलेला आवाज कापला जातो आणि फाटतो. अण्णांच्या भजनाची माझी पहिली डिस्क अशीच फाटली, कारण मी पातळी संथ अभंगावर लावली होती आणि शेवटी गजराला सगळे टाळ एकदम वाजले. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचे पुसता येत नाही, म्हणून ती वाया गेली. तेव्हापासून मी कॅसेटीतला सर्वांत जोराचा भाग आधी शोधून काढतो, त्यावर पातळी ठरवतो आणि वर थोडी जागा सोडतो. सरावासाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डिस्क मिळते, ती एक जवळ ठेवावी. मात्र कायमची प्रत तिच्यावर करू नये, कारण तिच्यावरून किरण फार कमी परत येतो आणि जुन्या सीडी प्लेअरवर ती बहुधा वाजत नाही.

तिसरी अडचण ट्रॅकची. दोन-तीन सेकंद शांतता झाली की यंत्र आपोआप नवा ट्रॅक सुरू करते. बाजारी गाण्यांसाठी ही सोय उत्तम आहे. परंतु वाड्यातले ते आजोबा बोलता बोलता थांबत, डोळे पुसत, पाणी पीत, आणि प्रत्येक वेळी यंत्राने नवा क्रमांक टाकला. त्यांच्या पाऊण तासाच्या आठवणींचे एकेचाळीस तुकडे झाले. आवाज कुठे तुटला नाही, पण ‘पिठाच्या डब्याची गोष्ट लाव’ असे कुणी म्हटले तर ती कितव्या क्रमांकावर आहे ते शोधत बसावे लागते. माणसाच्या बोलण्यासाठी ही आपोआप चालणारी सोय बंद करून, विषय बदलला की हाताने बटण दाबावे.

आणखी एक गोष्ट सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको, ती म्हणजे वीज. डिस्क लिहीत असताना वीज गेली तर ती डिस्क बहुधा गेलीच. माझी एक डिस्क बावन्नाव्या मिनिटाला अशी गेली. त्यानंतर मी यंत्राला संगणकासाठी मिळतो तसला यूपीएस जोडला. सर्व भरून झाल्यावर ‘फायनलाइज’ हे बटण दाबायला विसरू नये. त्याने डिस्कच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका लिहिली जाते. ती लिहिली नाही तर डिस्क भरलेल्या यंत्रावर वाजते, दुसऱ्या प्लेअरवर मात्र कोरी दिसते. मामेबहिणीला पुण्याला पाठवलेली डिस्क ‘रिकामीच आहे’ असा तिचा फोन आला, तेव्हा मला हे उमगले.

कोऱ्या डिस्कविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण आजही कुणाच्या घरी असे यंत्र असेल तर ते ‘बिघडले’ म्हणून बाजूला ठेवलेले असण्याची शक्यता आहे. घरगुती सीडी रेकॉर्डर संगणकाची साधी डिस्क स्वीकारत नाही. त्याला ‘डिजिटल ऑडिओ’ असे छापलेली, खास संगीतासाठीची डिस्क लागते. दोन्ही डिस्क डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण खास डिस्कमध्ये कारखान्यातच एक खूण घातलेली असते आणि यंत्र ती वाचते. याचे मूळ अमेरिकेच्या १९९२ च्या घरगुती ध्वनिमुद्रणविषयक कायद्यात आहे. त्याने अशा कोऱ्या डिस्कच्या किमतीवर ३ टक्के आणि यंत्रावर २ टक्के रक्कम संगीतकार व कंपन्यांसाठी वसूल करायचे ठरवले, आणि डिजिटल नकलेची पुन्हा डिजिटल नक्कल यंत्राने करू नये असेही बंधन घातले. आपल्या देशात अशी वसुली नाही, पण यंत्रे त्याच नियमाने बनली, म्हणून त्यांच्या अटी इथेही लागू झाल्या. मी अनेक वर्षे या डिस्क मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवत असे आणि त्या साध्या डिस्कच्या कितीतरी पट महाग पडत. माझ्या आजीच्या ओव्या भरून घेण्यासाठी परदेशातल्या गाण्यांचा कर मी का भरावा, हा प्रश्न मला तेव्हाही पडत असे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आता तर अडचण निराळीच आहे. या डिस्कचे तंत्र जपानच्या तैयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये सिद्ध केले आणि उत्तम डिस्क म्हणून तिचेच नाव घेतले जाई. ती कंपनी २०१५ अखेर या धंद्यातून बाहेर पडली. आपल्याकडची मोझर बेअर, जिच्या डिस्क एकेकाळी प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात असत, तीही २०१८ मध्ये अवसायनात गेली. तेव्हा माझ्यासारखे यंत्र नव्याने घ्या असा सल्ला मी कुणाला देणार नाही. चांगला डेक, साधा लॅपटॉप आणि त्याला जोडायचे आवाजाचे छोटे उपकरण असेल तर हेच काम तितकेच चांगले होते. हेडचा कल, पातळी, हेडफोन लावून पूर्ण वेळ ऐकणे, यांना मात्र तिथेही पर्याय नाही. तासाच्या कॅसेटीला तास लागतोच. माझ्या यंत्राने मला हीच शिस्त लावली, कारण त्यावर आवाज भरत असताना दुसरे काही करता येत नाही, फक्त ऐकता येते.

सीडी झाली म्हणजे आवाज अमर झाला, या समजुतीत मीही काही वर्षे होतो. काही उत्पादकांनी शंभर वर्षांचे दावे केले होते. माझ्या २००३ च्या काही डिस्क आता अडखळतात. भरलेल्या डिस्कमध्ये लेझरने डाग पाडलेला रंगाचा थर असतो आणि तो ऊन, उष्णता व दमट हवेने फिका होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि स्लॅबखालच्या माळ्यावर त्याहून अधिक, तेव्हा माळा ही डिस्कची जागा नव्हे आणि कॅसेटीचीही नव्हे. खालच्या खोलीत, भिंतीपासून दूर, बंद कपाटात, डबीत उभी ठेवावी. आणखी एक चूक मी घरोघरी पाहतो. लोक चकचकीत बाजूला फार जपतात आणि नाव लिहायच्या बाजूवर बॉलपेनने जोर देऊन लिहितात. वास्तविक १.२ मिलिमीटर जाडीच्या डिस्कमध्ये आवाजाचा थर वरच्या, नावाच्या बाजूला, पातळ लेपाखालीच असतो. बॉलपेनचे टोक तिथे थेट पोहोचते आणि चिकटवलेले लेबल सुटताना थरही सोबत घेऊन येते. मऊ टोकाच्या मार्करने आतल्या पारदर्शक कड्यावर लिहावे.

म्हणून गेल्या दोन वर्षांत मी माझ्या सर्व डिस्क नातवाच्या मदतीने संगणकावर उतरवून घेतल्या. एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते, ती आज काहीच नाही. आवाज दाबून लहान करू नये, आहे तसा ठेवावा. एक प्रत माझ्याकडे, एक मुलीकडे पुण्यात. जुनी कॅसेट मात्र मी फेकलेली नाही आणि कुणी फेकू नये, कारण उद्या आणखी चांगल्या डेकवर ती आणखी चांगली वाजू शकते.

माझी विनंती शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांना आणि आपल्या विद्यापीठाला आहे. एका खोलीत एक मेज, एक दुरुस्त डेक, एक संगणक आणि हेडफोन एवढे ठेवावे. नागरिकांनी घरी भरलेल्या कॅसेटी आणाव्यात, बसून उतरवून न्याव्यात, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांनी एक प्रत तिथे ठेवावी. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटी या कामात घेऊ नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे चालतो, आणि स्वतःच्या घरी ऐकण्यापुरती केलेली प्रत निराळी, ग्रंथालयात ठेवून वाटलेली निराळी. घरच्या आवाजांच्या बाबतीतही ज्यांचा आवाज आहे त्यांची, ते नसतील तर त्यांच्या कुटुंबाची संमती घ्यावी, आणि प्रत्येक कॅसेटीसोबत कोण, कुठे, कोणत्या साली एवढा तपशील लिहून घ्यावा. आवाज वाचतो आणि नाव हरवते, असे माझ्याच तीन कॅसेटींच्या बाबतीत झाले आहे. एकीत एक बाई अतिशय सुरेल कन्नड पद म्हणतात. त्या कोण, हे सांगणारे आता घरात कुणीही उरलेले नाही.

माझा सीडी रेकॉर्डर अजून चालतो. कोणतेही वाचनालय असे मेज सुरू करणार असेल तर माझा डेक मी त्यांना देईन, आणि दर बुधवारी व शनिवारी दुपारी दोन ते पाच स्वतः तिथे बसून कॅसेटी उघडण्या-जोडण्याचे काम विनामूल्य करीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. शेजाऱ्यांची ती पिशवी सध्या माझ्याच टेबलावर आहे. ‘आईच्या ओव्या’ची अ बाजू परवा उतरून झाली, ब बाजूची फीत मध्ये एका जागी तुटली आहे, ती या रविवारी जोडायची आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
जुळे सोलापूर